नामदेवरावांच्या टॅक्सीला गिअर मानवेना

गॅरेजात जळकं तेल आणि किस्से, दोन्ही कोणी मुद्दाम साठवत नाही. कामं होत जातात, कोपऱ्यातला डबा भरत जातो. पन्नास-साठच्या त्या काळात अमरावतीला बडनेरा रोडवर गुलाबराव मिस्त्रींच्या गॅरेजात मी पाने फिरवायचो. आमचा निम्मा डबा एकट्या नामदेवरावांनी भरला!

नामदेवराव मूळचे पातूरचे. वाट्याची काळी जमीन थोरल्या भावाला, विठ्ठलदादाला विकून त्यांनी जुनी विलायती टॅक्सी घेतली आणि अमरावती-अकोला फेऱ्या सुरू केल्या. त्या दिवसापासून दादांनी बोलणं टाकलं. टॅक्सी बंद पडली तर दादांच्याच शेतात राबायला जायचं, दुसरा रस्ता नव्हता. त्यामुळे इंजिन जरा खोकलं की नामदेवराव गाडी घेऊन थेट आमच्या दारात यायचे.

आणि एकदा ते सारखंच खोकायला लागलं. इंजिनात कॅमशाफ्ट नावाचा दांडा असतो; त्याच्या दातांवर एक छोटा गिअर फिरतो, तो डिस्ट्रिब्युटर फिरवतो, तेव्हा कुठे इंजिनात ठिणगी पडते. तो गिअर झिजला होता. गिअर इथं घडवता येत होता. शाफ्ट मात्र इथं ना घडायचा ना मिळायचा; तो गेला असता तर गाडी थेट भंगारात!

*

पहिला गिअर अकोल्याच्या बाबूभाई लेथवाल्यांनी कापून दिला. अस्सल पोलाद! "नामदेवराव, जिंदगीभर घिसनार नाई!"

खरंच घिसला नाही. उलट त्यानंच शाफ्टचे दात खायला सुरुवात केली. नामदेवराव तणतणत अकोल्याला गेले. बाबूभाईंनी गिअर उन्हात धरून निरखला.

"याले काय झालं? नवा कोरा हाय!"

"अन माह्या शाफ्टचं काय?"

"गिअर टिकन म्हनलो होतो भाऊ. इंजन टिकन असं कधी म्हनलो?"

*

पोलादानं तोंड पोळलं म्हणून नामदेवरावांनी पुढचा गिअर पितळेचा करून घेतला. मूर्तिजापूरच्या अलीकडेच त्याचे दात साफ! भर उन्हात सगळ्या पॅसिंजरांना खाली उतरवून गाडी ढकलायला लावली. कापसाचे एक जाडजूड दलाल घाम पुसत म्हणाले, "नामदेवराव, ढकलनाऱ्याचं भाडं किती?"

"बसनाऱ्याइतकंच! गाडी तुमच्यासंगच पोचून राहिली ना!"

*

मग गुलाबराव म्हणाले, "काशाचा लावून पाहू." नामदेवराव गेले आणि तासाभरात कासं घेऊन आले. इतक्या लवकर कुठून मिळालं, हे आम्ही विचारलं नाही. बाबूभाईंनी ते वितळवून गिअर ओतला, कापला, आम्ही बसवला. इंजिन कसं गुणी बाळासारखं चालू लागलं!

तिसऱ्या दिवशी नामदेवरावांची बायको शांताबाई गॅरेजात हजर. अंगातली गरमी उतरावी म्हणून तळपायाला तेल लावून घासायची त्यांची काशाची वाटी घरातून गायब होती. माहेरची वाटी! वाटीचं काय झालं ते गुलाबरावांनी सांगून टाकलं.

"म्हनजे माह्या वाटीनं इंजन थंड झालं म्हनता?" शांताबाईंनी विचारलं.

"हो वहिनी, एकदम थंड," गुलाबराव म्हणाले.

"होईनच! त्याची गरमी आता माह्या डोक्यात चढली!"

*

वाटीचा गिअर चालला छान, पण हळूहळू झिजायचा. तेल काढलं की त्यात पिवळा चुरा चमकायचा. नामदेवराव हळहळायचे. "मिस्त्री, झिजनाराच गिअर काहून लावता?"

गुलाबरावांनी समजावलं, "जोडीत एक झिजनारच. दोघंबी कडक असले तर दोघंबी जातात. म्हनून ज्याच्याबिगर भागते, त्याले नरम ठेवाचं."

शांताबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, हे यायले घरी येऊन सांगा. मी सांगतलं तर ऐकत नाईत!"

*

शेवटी गुलाबरावांनी नीट विचार केला. शाफ्ट बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तर गिअरही बिडाचाच हवा. बिडाशी बिडाचंच जमतं. पण आधीच्या गिअरांनी खाल्लेल्या दातांशी नवा गिअर जुळायला हवा, म्हणून शाफ्ट बाहेर काढला आणि बाबूभाईंना दाखवायला नामदेवरावांजवळ दिला. हातभर लांब दांडा, एका जागी दात आणि अंगावर ओळीनं टेंगळं. त्या टेंगळांनीच इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडतात. ती आहेत तोवर इंजिनाचा श्वास आहे.

नामदेवराव अकोल्याला पोचले तर लेथ सणासाठी बंद. इतकं जड ओझं कुठं वागवायचं? म्हणून ते पातूरला दादांच्या घरी गेले. दादांची बायको, वहिनी, मात्र बोलायच्या. दादा शेतात होते. शाफ्टचं गाठोडं ओसरीवर ठेवून, गाडीचं अवजार बिघडलंय, सण झाला की नेतो असं सांगून, वहिनीच्या हातचं जेवून नामदेवराव परतले.

आठवड्यानं गॅरेजच्या दारात विठ्ठलदादा उभे. धोतर, खांद्यावर गाठोडं. इतक्या वर्षांनी ते भावाशी बोलले.

"नामदेवा, तुह्या वहिनीनं सांगतलं, गाडीचं अवजार बिघडलं म्हने. आपल्या लोहाराकडे नेलं. वखराची लोखंडी पास पाजवून घेतो ना, तसंच."

त्यांनी गाठोडं सोडलं. शाफ्ट चांदीसारखा चमकत होता.

"दातांले धार लावली. अन अंगावर जागोजागी टेंगळं आली होती बाप्पा! मी सोता बसून सारी घासून काढली. पाह्य, हात फिरवून पाह्य."

गुलाबरावांनी गाडीचं उघडं बॉनेट हळूच खाली लावलं.

नामदेवरावांनी शाफ्टवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. कुठंही अडला नाही.

"दादा," ते म्हणाले, "काम एक नंबर झालं. चाल, च्या घेऊ."