कालव्यापर्यंत न पोचलेला नाला

चेन्नईतल्या आमच्या गल्लीत पावसाळी नाला बांधून झाला, त्या दिवशी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यावर नारळ फोडला. आम्ही तंजावरकडची मराठी माणसं, घरात साधा पंखा नवा आला तरी आधी हळदकुंकू. कोपऱ्यावर पाटी लागली होती : हवामान बदलतंय, वादळं वाढणार, त्यासाठी ही योजना. अण्णा ती पाटी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं वाचून दाखवायचे.

आई तेव्हा अर्धांगवायूनं खालच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. जोराचा पाऊस आला की तिला खुर्चीत बसवून वरच्या भाडेकरूंकडे न्यायचं, आणि ती कळवळायची. म्हणून अण्णांनी न्हाणीघराच्या मोरीचा पाइप नव्या नाल्याला जोडून घेतला. सगळ्या गल्लीनंच घेतला. आता पाणी तुंबणार नाही, तिला हलवावं लागणार नाही, केवढं बरं वाटलं होतं आम्हांला!

मग वादळ आलं. आम्ही मोठ्या शहाणपणानं दारात वाळूची पोती रचली आणि दाराकडे बघत बसलो. पाणी आलं मागून, न्हाणीघरातून, त्याच पाइपातून उलटं, काळंकुट्ट. पोत्यांमुळे ते बाहेरही जाईना. मी आईपाशी पोचले तोवर गादी भिजली होती. "हलवू नक्को गे," ती म्हणाली. हलवलं. जिन्यात ती ओरडली, ते अजून माझ्या कानांतून जात नाही.

पाणी ओसरल्यावर शेजाऱ्यांनी नाल्यावरच्या फरश्या उचलून पाहिल्या. ज्या कालव्यात पाणी सोडायचं, तिथपर्यंत नाला गेलाच नव्हता! देवळामागच्या वळणावर भिंत घालून संपवलेला. पुढच्या कामाचे पैसे कंत्राटदारानं आणि नगरसेवकानं वाटून खाल्ले, हे चहाच्या टपरीवर सगळ्यांना ठाऊक होतं. मी तणतणत नगरसेवकाकडे गेले. तो म्हणाला, "अम्मा, नवं टेंडर निघालंय, काळजी करू नका." कंत्राटदार तोच. "मेल्या, लाज कशी वाटत नाही तुला!" संतापात मी मराठीतच ओरडले. त्याला काय कळणार, त्यानं मला प्यायला पाणी मागवलं.

आईच्या छातीत कफ साठला तो सुटलाच नाही. वरच्या परक्या खोलीत अण्णा तिच्या उशाशी बसून म्हणत, "माझं चुकलं गे, पाइप मीच जोडला." मला सहन होईना. "पुरे अण्णा! चोरी त्यांनी करायची आणि माफी तुम्ही मागायची?" ते तिचं पांघरूण सारखं करायचे, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच.

आई गेली त्या सकाळी गल्लीत नवा नाला खणायचं काम चालू होतं. दारासमोरच चर, त्यामुळे शववाहिनी गल्लीच्या तोंडाशी थांबलेली. कंत्राटदाराच्या माणसांनी चरावर एक फळी टाकून दिली. तिच्यावरून आईला नेत असताना अण्णा मागून सारखे सांगत होते, "हळू न्या, हळू. तिला दुखतं."