‘परित्यक्ता’ नव्हे

दानियलराव गेल्याचे त्यांच्या मुलीने, रिबकाने, फोनवर कळवले तेव्हा मी मार्गासनीला पुतण्याकडे होतो. भोरला पोचेपर्यंत दफन उरकले होते. महिन्याने आमच्या शाळेत शोकसभा झाली. एका वक्त्याने त्यांना ख्रिस्ती ठरवले. दुसऱ्याने सांगितले, वयोमानामुळे त्यांचे हिब्रू ग्रंथाचे भाषांतर अपुरे राहिले. दोन्ही विधाने खोटी आहेत. दानियलराव बेने इस्रायली यहुदी होते आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत त्यांची बुद्धी माझ्याहून तल्लख होती. भाषांतर का अडले हे सांगू शकेल असा आता मीच उरलो आहे.

ते गणित शिकवत, मी मराठी; पुढे मी मुख्याध्यापक झालो. हिब्रू ते वडिलांकडून शिकले होते. त्यांनी निवडलेला ग्रंथ लहानसा, मध्ययुगातल्या योसेफ नावाच्या एका यहुदी पंडिताची निर्णयपत्रे. या पंडिताचे पूर्ण नावही टिकलेले नाही. तो एका बंदरात राहत असे आणि ज्यांच्या नवऱ्यांची गलबते परतली नाहीत अशा बायका त्याच्या दाराशी येत. मरणाची साक्ष नाही, म्हणून त्या विधवा नव्हेत. सोडचिठ्ठी नाही, म्हणून मोकळ्याही नव्हेत. त्यांना मोकळे करण्यासाठी तो आयुष्यभर इतर पंडितांशी भांडला. अशा बाईला हिब्रूत ‘अगुना’ म्हणतात. शब्दशः, गलबताच्या नांगराला बांधलेली.

‘‘नांगरलेली,’’ दानियलरावांनी पहिला प्रयत्न वाचून दाखवला.

मी हसलो. ‘‘अहो, बाई आहे की वावर? भोरात गलबताचा नांगर पाहिलाय कोणी?’’

‘‘मग तुम्ही सांगा, हेडसर.’’

‘‘परित्यक्ता.’’

‘‘तिला कोणी टाकलेलं नाही. हिर्डोशी विसरलात?’’

विसरलो नव्हतो... जनगणनेच्या कामावर आम्ही दोघे तिथे चालत गेलो होतो. भाताच्या बांधावर एक बाई भेटली. मुलगा रांगता असताना नवरा मुंबईला गेला, पुन्हा त्याचा पत्ता नाही. मी कागदावर ‘परित्यक्ता’ लिहिले.

‘‘मास्तर, काय लिवलं?’’ तिने विचारले.

‘‘टाकलेली.’’

‘‘खोडा त्ये. टाकल्यालीला म्हायार तरी घेतं. मला कुकू पूस म्हनाया कुनी धजंना, दुसरं घर कर म्हनाया बी धजंना. म्या अडकल्याली हाय. तसं लिवा.’’

‘‘बाई, तसा रकाना नाही.’’

‘‘मग म्या हितं न्हाईच म्हना की!’’ ती हसली आणि चिखलात उतरली. मी खोडले नाही.

दानियलरावांना तोच शब्द हवा होता, अडकलेली. मी म्हणे, काट्यात पदर अडकतो; ग्रंथाला भारदस्त शब्द लागतो. रविवारची दुपार आली की मी त्यांच्याकडे जाई आणि हा वाद पुन्हा उघडे, वर्षानुवर्षे. त्यांना माझ्याशिवाय ग्रंथ छापता आला असता. त्यांनी छापला नाही. शोकसभेत याला आमचा ‘स्नेह’ म्हटले गेले. स्नेह होताच. पण मी त्यांना धरून ठेवले होते, हे त्या सज्जनांना ठाऊक नाही, आणि ठाऊक असते तर त्यांनी ते सभेत सांगितले नसते.

गेल्या रविवारी रिबकाने दानियलरावांच्या टेबलावर हस्तलिखित माझ्यापुढे ठेवले. ‘‘काका, छापखान्यात द्यायचंय. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय द्यायचं नाही, असं पप्पांनी बजावलंय.’’

ग्रंथ पुरा होता. फक्त जिथे जिथे ‘अगुना’ येई तिथे त्यांनी एका शब्दापुरती कोरी जागा सोडली होती. पानामागून पान बायका बोलत होत्या आणि प्रत्येकीच्या वाक्यात भोक होते... मी पेन उघडले. ‘अडकलेली’ लिहीत गेलो. एकही जागा सोडली नाही. शेवटचे पान उलटले आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून म्हणालो, ‘‘तुमचं बरोबर होतं.’’

‘‘काय म्हणालात, काका?’’ रिबकाने स्वयंपाकघरातून विचारले.

दुसऱ्यांदा ते मला म्हणता आले नाही.