निळ्या झेंडूंचा पुरावा

उजेडाला मानपानाने बोलावून, तो येईपर्यंत सर्वांना तिष्ठत ठेवणारा नाशिक शहरात एकच माणूस होता, आणि माझ्या मुलाने नेमकी त्याचीच मुलगी पसंत केली. माझ्या या व्याह्यांचा फोटो स्टुडिओ जुन्या नाशकात, एका जिन्याखालच्या दीड खोलीत होता. पासपोर्ट फोटोसाठी गेलेले गिऱ्हाईक तेथून अर्ध्या तासाच्या आत सुटल्याचे उदाहरण माझ्या माहितीत नाही. मी स्वतः गेलो असता त्यांनी माझी हनुवटी तीन वेळा सरकवली, दिवा मागे नेला, पुढे आणला आणि म्हणाले, "व्याहीसाहेब, तुमचा सगळा राग उजव्या गालावर बसलाय. डावा गाल बिचारा सज्जन आहे. जरा तिकडून येऊ द्या." अशा छायाचित्रात चेहरा समोरूनच हवा, हा नियम मी त्यांना छापील दाखवला. "नियम सरकारचा, चेहरा तुमचा," एवढे बोलून त्यांनी बटण दाबले. तो फोटो अर्जासह परत आला. सौभाग्यवतींनी मात्र तो चौकटीत बसवून घेतला. माझे इतके शांत रूप त्यांनी लग्नानंतर प्रथमच पाहिले म्हणे.

लग्नाचे फोटो हा त्यांच्या दृष्टीने सर्वांत अवघड प्रकार, कारण त्यात माणसे हलतात आणि भटजी थांबत नाहीत. पोटच्या मुलीच्या लग्नातही कॅमेरा त्यांच्याच गळ्यात होता. वधूपिता स्टुलावर, मंडपाच्या पार मागच्या टोकाला! अंतरपाट दूर होणार, तोच तेथून आवाज आला, "गुरुजी, एवढ्यात नको! ऊन अजून कापडावर आलेलं नाही."

"अहो, मुहूर्त टळतोय!" गुरुजी ओरडले.

"मुहूर्त पंचांगात परत सापडेल. हे ऊन नाही सापडायचं."

गुरुजींनी संतापून मंगलाष्टकाचे एक कडवे जादा म्हटले. ऊन आले, आणि मगच माझी सून माझी झाली. त्या प्रसंगी मी वरपिता या नात्याने जे बोललो, ते येथे नमूद करीत नाही.

फोटोचा तिसरा प्रकार म्हणजे पुराव्याचा फोटो, आणि तो माझ्या जिव्हाळ्याचा. आमच्या वसाहतीतील उघड्या गटाराविषयी मी पाच पत्रे पाठवली होती. सहाव्यासोबत छायाचित्र जोडावे, म्हणून यांना नेले. मी बोटाने दाखवलेले भगदाड सोडून हे गृहस्थ रस्त्यावर चक्क पालथे झोपले. "गटार मधोमध ठेवलं तर कैद्यासारखं दिसेल," ते खालूनच समजावू लागले. "चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग कल्पा. विषय एका भागाच्या रेषेवर सरकवा. तो ज्या बाजूला बघतो, तिकडे मोकळी जागा सोडा. नजरेलाही श्वास घ्यावा लागतो." गटार कोणत्या बाजूला बघते, हे मी विचारले नाही. तयार फोटोत एक वळणदार काळी रेषा क्षितिजाकडे निघाली होती आणि पाण्यात ढग उतरले होते. संबंधित अधिकाऱ्यांनी तो पाहून, "कुठलं थंड हवेचं ठिकाण हो?" असे विचारले. तक्रार निकालात काढली गेली. फोटो त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवून घेतला.

अशा माणसाकडे मी पुन्हा पुराव्यासाठी जाणार नव्हतो. परंतु सखूबाईंचे प्रकरण उभे राहिले. सायखेड्याहून पहाटे झेंडू घेऊन येणाऱ्या या बाई गोदाकाठी, एका ठरावीक पायरीखाली बसत. आमच्या घरची फुले त्यांच्याकडचीच. काठावरील विक्रेत्यांच्या जागांची नव्याने आखणी निघाली, तेव्हा दहा वर्षे एकाच जागी बसल्याचा पुरावा द्यावा, अन्यथा जागा सोडावी, अशी नोटीस त्यांना आली. जागेच्या भाड्याच्या रोजच्या पावत्या ओल्या पाटीत भिजून लगदा झाल्या होत्या.

"माह्या सासूची जागा हे ही, दादा," त्या मला म्हणाल्या. "सून होऊन आले तव्हापून हितं बसते. आता कागद कुठून आणू? फुलांना इचारा म्हणा त्यायला, फुलं सांगतील."

फुलांची साक्ष ग्राह्य धरण्याची तरतूद नाही. मी चार पत्रे लिहिली. चारही पत्रांना एकच उत्तर आले: पुरावा सादर करावा. सुनावणीला तीन दिवस उरले असता मी घरी जेवताना आगपाखड करीत होतो, तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "अप्पा, बाबा दर दसऱ्याला सकाळी तिथेच जातात की. एकच फोटो काढतात आणि परत येतात."

मी तसाच उठून स्टुडिओत गेलो. व्याह्यांनी पत्र्याच्या पेटीतून अकरा दसऱ्यांचे अकरा फोटो काढून मांडले. पूर्वेच्या दोन देवळांच्या फटीतून पहिले ऊन झेंडूच्या ज्या ढिगावर पडते, तो ढीग प्रत्येक फोटोत चौकटीच्या तीन भागांपैकी डाव्या भागात होता. ढिगामागे प्रत्येक वेळी सखूबाई.

"पण यांवर तारीख कुठे आहे?" मी कडाडलो. "एकाच सकाळी अकरा काढले म्हणतील!"

"फोटोवर तारीख? चेहऱ्यावर शिक्का मारल्यासारखं होतं ते."

"बाबा," मागोमाग आलेल्या सूनबाई शांतपणे म्हणाल्या, "रोलचा पहिला फोटो?"

नवा रोल भरला, की कॅमेऱ्याचा घसा साफ करायचा म्हणून समोरच्या भिंतीवर एक फोटो वाया घालवायचा, ही व्याह्यांची सवय होती. त्या भिंतीवर तारखांचे कॅलेंडर टांगलेले असे, रोज एक पान फाडायचे ते. दसऱ्याला नवा रोल, पहिल्या चौकटीत तारीख नि वर्ष, पुढच्याच चौकटीत गोदाकाठ. आणि दोन्ही एकाच न कापलेल्या निगेटिव्हच्या पट्टीवर. यापेक्षा भक्कम पुरावा मी चाळीस वर्षांच्या पत्रव्यवहारात पाहिलेला नाही.

त्यांनी त्या पट्ट्या दिव्यासमोर धरल्या आणि माझ्या हाती भिंग दिले. निगेटिव्हमध्ये सारे उलटे असते. झेंडू निळे होते. पहिल्या पट्टीत दोन बाया होत्या, सासू आणि तरुण सखूबाई. तरुणीचे केस पांढरेशुभ्र, म्हातारीचे काळे. पुढे सासू दिसेनाशी झाली. वर्षामागून वर्ष सखूबाईंच्या पांढऱ्या केसांत एकेक काळी रेघ शिरत गेली. अकराव्या पट्टीपर्यंत मी भिंग खाली ठेवू शकलो नाही. हा माणूस दर वर्षी एकदाच बटण दाबत होता, आणि एक अख्खे आयुष्य त्याच्या पेटीत येऊन बसले होते.

"मूळ पट्ट्याच जमा कराव्या लागतील," मी म्हणालो. "परत मिळतीलच, असं नाही."

त्यांनी पट्ट्या एकदा फुंकरीने साफ केल्या. "न्या," ते म्हणाले.

सखूबाईंची जागा कायम झाली. पट्ट्या परत आल्या नाहीत. त्याविषयीची माझी पत्रे अद्याप चालू आहेत.

पुढच्या दसऱ्याला मी प्रथमच त्यांच्याबरोबर गेलो. गोदाकाठी धुके होते. कॅमेरा गळ्यात होता, पण ऊन फटीतून आले तरी त्यांनी तो उचलला नाही.

"अहो, ऊन!" मीच घाबरून ओरडलो.

"असू द्या. इतकी वर्षं मी बाईंच्या ढिगावरचं ऊनच बघत आलो, व्याहीसाहेब. बाईंना 'कशा आहात' म्हणून कधी विचारलं नाही."

ते पायऱ्या उतरून खाली गेले. सखूबाईंनी पाटीखालचे पोते ओढून त्यांच्यापुढे सरकवले. "बसा, भाऊ. उशीर केला लय." ते बसले, आणि थोडे सरकून त्यांनी माझ्यासाठी जागा केली. ऊन ढिगावरून हळूहळू उतरले आणि माळ ओवणाऱ्या सखूबाईंच्या ओल्या बोटांवर येऊन थांबले. व्याह्यांनी माझा गुडघा दाबला.

"दिसलं?" त्यांनी विचारले.

"दिसलं," मी म्हणालो.