घोरपडीच्या पोटातला भुंगेरा

संग्रहालयात सगळे त्यांना पेंढाकाका म्हणत. मेलेल्या प्राण्याच्या कातड्यात पेंढा भरून त्याला पुन्हा उभं करण्यात काकांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण त्या सकाळी काकांचा पाय एका जागी ठरत नव्हता. दालनाच्या मधोमध सात हात लांब परदेशी घोरपड, तिच्या पोटाखाली चिमूटभर तपकिरी भुगा, आणि भुग्यात तांदळाएवढा एक भुंगेरा.

असले लाखभर भुंगेरे काट्यावर घातले तरी घोरपडीच्या एका पायाची बरोबरी व्हायची नाही, आणि हा मेला तिला आतून पोखरत होता! तो आला कुठून, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. मागच्या खोलीत असे हजारो पाळलेले होते. हाडांवरचं मांस ते चाटूनपुसून साफ करत. त्या खोलीतला कोट घालून दालनात यायचं नाही, हा नियम काकांनीच घातलेला आणि रोज मोडत होते तेही काकाच. दुपारी घाईने यायचं, घोरपडीच्या पोटावरची शिवण चाचपायची आणि परत फिरायचं. ती शिवण काकूंची होती. काकूंना जाऊन चार वर्षं झाली होती.

काकांनी शेजारच्या हरणाकडे पाहिलं, गरुडाकडे पाहिलं. गप्प बसलं तर हेही फस्त होणार. तीनदा ते ऑफिसच्या दारापासून परत फिरले. चौथ्यांदा आत शिरले.

प्रमुख बाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "फ्रीझरमध्ये ठेवली तरच किडे मरतील. पण एवढी मोठी मावणार कशी?"

"शिवण उसवून पेंढा काढावा लागेल. मग दोन भाग करायचे."

"दुसऱ्या कुणाला सांगू का, काका?"

"नको. कोट माझा होता."

काकांनी कात्री लावली आणि पहिला टाका कापला. भुंगेऱ्यांनी कडेचं कातडं खाल्लं होतं. सुती दोऱ्याला मात्र तोंड लावलं नव्हतं. ओढताच अख्खी शिवण सरसर निघून काकांच्या हातात आली. काकूंना ती घालायला तीन दिवस लागले होते. काकांना रडू आवरेना.

बाईंनी जाळायच्या कचऱ्याची पिशवी पुढे केली होती, ती मागे घेतली. "दोरा राहू द्या तुमच्याकडे."

"नको," काका म्हणाले. "घरी नेला तर रोज हात लावीन, आणि त्याला चिकटलेली किड्यांची अंडी त्याच हातांनी इथे आणीन."

त्यांनी पिशवी ओढून घेतली आणि दोरा आत टाकला.