कोटाच्या खिशातलं उत्तर

लोकरीच्या कोटावर इस्त्री फिरली की एक ओलसर, किंचित करपट वास येतो... अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या नाकात तोच वास दाटला. सहा आठवडे झाले, तो हटत नाही.

अण्णा, माझा थोरला भाऊ, आखातात, अम्गरातल्या एका कारखान्यात सुरक्षा-अधिकारी होता. टाकीत माणूस उतरण्याआधी तो विचारायचा, "आतला वायू कोणी तपासला?" आणि उत्तर येईपर्यंत शांत उभा राहायचा. मुकादम वैतागत, "अण्णासाब, मुहूरत निकाल रहे हो क्या?" तो हसायचा, सही मात्र करायचा नाही. एके दिवशी त्याने सही नाकारली, तरीही रत्नागिरीकडच्या तिघांना टाकीत उतरवलं गेलं. तिघेही गुदमरून मेले.

दिल्लीत चौकशी समिती बसली. सुनावणी टीव्हीवर थेट. अण्णाची साक्ष इथूनच, खैतान भागातल्या आमच्या घरातून, लॅपटॉपवर. भर उन्हाळ्यात त्याने माझ्याकडून कोट इस्त्री करून घेतला. "सुमे, तिघांच्या वतीने बसायचंय गं." विचारल्याशिवाय साक्षीदाराने बोलायचं नाही, असा नियम. उतरण्याचा हुकूम कोणी दिला, एवढं एक नाव त्याला नोंदीत आणायचं होतं.

सदस्य बोलू लागले. एकाने स्वतःचं गरीब बालपण आळवलं. दुसऱ्याने कॅमेऱ्याला हात जोडून मातृभूमीचे अश्रू पुसले. तिसरा विरोधी पक्षावर इतका कडाडला की त्याच्या पुढ्यातला पेला कलंडला आणि अण्णाने आधीच पाठवलेलं, तिथे न उघडताच पडलेलं लेखी निवेदन भिजलं. तीन मृतांवर उभं राहून प्रत्येकाने आपली उंची वाढवून घेतली. एकाच्याही वाक्याअखेर प्रश्नचिन्ह नव्हतं. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "आपल्या बहुमोल साक्षीबद्दल आभार."

साक्ष! पडदा काळा झाला. थोड्याच वेळात मृतांपैकी एकाच्या पत्नीचा गावाहून फोन आला. "साहेब, तुम्ही बोललाच नाहीत?" पुढे आठवडाभरातच अण्णाचं हृदय थांबलं. लोक मला दुःख आवरायला सांगतात. दुःख नव्हे, हा संताप आहे, आणि तो मला आवरायचा नाही.

कोट अजून दारामागे टांगलेला आहे. खिशात चौपदरी घडीचा कागद, त्यावर ते नाव. त्या दुपारी माइक उघडायला मी तीनदा हात पुढे केला. तीनदा त्याने माझ्या हातावर आपला घामेजलेला तळवा ठेवला, आणि तिसऱ्यांदाही, पडद्यावरची नजर न हलवता, तेवढ्याच विश्वासाने म्हणाला, "विचारतील."