काकूंच्या वहीतला कोरा रकाना

शशिकलाकाकूंनी इंदूरच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं आणि रिटायर झाल्यावर पक्षी मोजायला घेतले. उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की मधोमध वाळूचं बेट वर येतं. तिथे त्या नावेने जात. वहीत तारीख, वेळ, संख्या. जागेचा रकाना मात्र कोरा. अंडी असताना जागा कुणाला सांगायची नाही, हा त्यांचा नियम. सख्ख्या मुलीलाही सांगितली नव्हती. मला नेलं, कारण मी पुतण्या, आणि माझ्याकडे गाडी आहे.

यंदा मे महिन्यात तिथे पाणचिऱ्याची जोडी दिसली. नारिंगी चोच, खालची वरच्यापेक्षा लांब. काकूंनी इथे तो पहिल्यांदाच पाहिला. उघड्या वाळूत तीन अंडी. मी मोठा शहाणा! फोटो दोस्तांच्या ग्रुपवर टाकला, लोकेशनसकट. रजतचं लगेच इंदुरी थाटात उत्तर, "भिया, संडेची पार्टी इथेच!"

मला वाटलं, गंमत करतोय. रविवारी सकाळी त्याचा निघाल्याचा सेल्फी आला, तसा मी गाडी काढली. काकूंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, नुसती दुर्बीण गळ्यात घातली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आम्ही नावेने पोचलो तेव्हा रजतसकट सहाजण बेटावर उतरलेले. पाणचिरे डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होते. ऊन तापलेलं, सावली धरायला मादी बसली नाही तर अंडी भाजून निघणार.

"सगळे जिथे आहात तिथेच खड़े रहो!" काकू नावेतून ओरडल्या.

"क्या हुआ काकूजी, साप है क्या?" रजत घाबरला.

"अंडी आहेत रे, रेतीच्याच रंगाची! आलात त्याच ठशांवर पाय ठेवून परत या."

बिचारे एकामागे एक, जीव मुठीत धरून परतले. आम्ही सगळे काठावर गेलो. काकूंनी दुर्बीण माझ्या हातात दिली.

"बसली का?"

"नाही."

"आता?"

दहा मिनिटं गेली. मग मादी उतरली, अंडी गार ठेवायला पोटाची पिसं पाण्यात भिजवून आलेली, आणि हळूच अंड्यांवर टेकली.

"बसली, काकू!"

काकूंनी डोळे पुसले. वही काढून तारीख, वेळ, संख्या लिहिली.

"पुढच्या रविवारी तू येऊ नकोस," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी बसने येईन."