पाटापल्याडची शाळा

साळूबाईच्या पाथर्डीकडच्या गावात पाणी विहिरीच्या तळाशी असायचं, नाहीतर घागरीत. वाहतं पाणी पोरं पावसाळ्याचे चार दिवस बघायची. म्हणून बेचाळीस सालच्या दिवाळीनंतर ती अन् तिचा नवरा श्रीमंत गाडीबैल घेऊन बेलापूरकडं ऊस तोडायला आली, तेव्हा राहायच्या कोप्यांशेजारून भरून वाहणारा पाट बघून थोरला भीमा नुसता नाचला. आईबाप फडात गेले, की पोरगं पाटाकडं पळायचं. एके दुपारी गेलं ते आलंच नाही. पार खालच्या मोरीला सापडलं.

पुढच्या हंगामाला पोटासाठी पुन्हा तिथंच यावं लागलं. या खेपेला साळूबाईनं पाच वर्षांच्या धाकट्या लंकीच्या कमरेला दावं बांधलं अन् दुसरं टोक कोपीच्या मेढीला, मधल्या खांबाला. जवळ भाकरी, तांब्याभर पाणी. संध्याकाळी फडातनं आली, की आधी गाठ सोडायची, मग चूल पेटवायची.

शेजारच्या कोपीतली भागूबाई म्हणायची, "आगं, वासराला तरी दिसाचं सोडतेत!"

"वासरू पाटात उडी घेत न्हाई, भागूबाय."

पाटापल्याड लिंबाखाली शांतवन मास्तर शाळा भरवायचे. मिशनच्या शाळेत शिकलेला माणूस, गळा गोड. कोप्याकोप्यांतनं पोरं गोळा करत फिरायचे. लंकी दिसली तसे ते साळूबाईची वाट बघत बसून राहिले.

"बाई, पोरगी द्या मला. मी स्वतः नेईन, स्वतः आणून सोडीन."

"मास्तर, तुमच्या चाळीस पोरांत माझी एक कुठं दिसंल तुमास्नी?"

"बोट सोडणार नाही तिचं."

श्रीमंत म्हणाला, "जाऊ दी की. हितं दिसभर मेढीला पाठ लावून बसती पोरगी." साळूबाईनं रात काढली अन् सकाळी गाठ सोडली.

त्या दिवशी तिचा कोयता दोनदा बोटाला लागला. सांजच्याला लंकी मास्तरांच्या बोटाला धरून आली, तोंडभर हसत.

"आये, मला अ येतोय! आन् आमी समदी पाटात पाय सोडून बसलो हुतो. लई गार!"

साळूबाईच्या हातातली वाढ्याची, उसाच्या हिरव्या शेंड्यांची, पेंढी खाली पडली. शाळेत बसायच्या आधी हातपाय धुवायचे, ही मास्तरांची शिस्त. भीमाचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. भागूबाईनं बाजूला घेऊन सांगितलं, तसा त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, चुकलं माझं. उद्यापासनं बादली भरून लिंबाखाली ठेवतो. पाटाजवळ कुणी जाणार नाही."

"तुमचा काय दोस न्हाई, मास्तर. पर आता नगं."

लंकी रडली, मास्तरांच्या धोतराला लोंबकळली. साळूबाईनं तिला ओढून पाटाच्या दिशेला तोंड करून उभं केलं. "ते बघ. तुज्या भावाला खाल्लं त्यानं. तुलाबी खाईल." अन् रोज तेच सांगत गेली. हंगाम सरता सरता लंकी रडायची थांबली. पुढच्या हंगामाला दावं बांधावं लागलं नाही. पोरगी आपणहून मेढीपाशी बसायची. बाया म्हणायच्या, लई गुणाची हाय. साळूबाईला बरं वाटायचं.

मग एका उन्हाळ्यात गावाकडं पोरं ओढ्यात खेळत होती. ओढा कसला, कोरडी वाळू. लंकी मात्र काठावर उभी. सगळी खाली बोलवत होती, ही अंग चोरून मागं सरकत होती. साळूबाई सरपणाचा भारा घेऊन येत होती, तिथंच थांबली.

"लंके, आगं वाळू हाय ती! उतर की."

लंकी नुसती मान हलवत राहिली.

त्या दिवाळीनंतर उसाला आल्यावर साळूबाईनं दुसऱ्याच सकाळी पोरीची वेणी घातली अन् हाताला धरून निघाली. लंकी आता नऊ वर्षांची. पाटावर लाकडी पूल होता, पल्याड मास्तर. त्यांनी लांबूनच ओळखलं अन् हात वर केला.

पुलापाशी लंकीनं हात सोडवून घेतला अन् ती खाली बसली.

"चल बाय. मी हाय ना संगं."

"नगं."

"काय व्हत न्हाई गं! ती बघ, तुज्याहून ल्हान पोरं पळतेत वरनं."

लंकीनं दोन्ही मुठींत गवत धरलं होतं. मग साळूबाई एकटीच पुलावर गेली. भीमा गेल्यापासनं ती पाटाकडं फिरकलीच नव्हती. मधोमध उभी राहून तिनं खालच्या पाण्याकडं बघितलं, मग मागं वळून दोन्ही हात पसरले.

"ये लंके. मी खोटं बोलत हुते. पानी कुनाला खात न्हाई. ये माजी बाय."

लंकीनं मान वर केली नाही.

मास्तर पूल ओलांडून आले, पोरीशेजारी उकिडवे बसले, "अ आठवतो का गं?" म्हणाले. तिनं गवत आणखी घट्ट धरलं. पल्याड पोरांचा गलका वाढला तसे ते उठले. "उद्या बघू, बाई."

"व्हय, उद्या," साळूबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही दोघी पुलापर्यंत आल्या, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी कामाला उशीर होतो म्हणून टोळीचा मुकादम ओरडला, तशी ती लंकीला घेऊन फडात गेली अन् वाढ्याची पेंढी कशी बांधायची ते तिला दाखवू लागली. पोरगी एका दाखवण्यात शिकली.